खालच्या सुराची जवारी

“मोकळी जी वाजव,” काका म्हणाले.

मी बासची सगळ्यात बारीक तार छेडली. अ‍ॅम्प्लिफायर आधीपासून घुमतच होता, एका सुरात, दम न घेता. तारेचा आवाज त्या घुमण्यावर जाऊन बसला आणि दोन्ही मिळून हेलकावे खायला लागले. काकांनी डोळे मिटून चार-पाच हेलकावे मोजले. सेकंदाला दोन. “शंभरचा हम आहे. पन्नासचा नाही. फिल्टरचे कॅपॅसिटर वाळलेत.” मीटर अजून खोक्यातून बाहेरही आला नव्हता.

काकांचं टेबल पुण्यात तपकीर गल्लीजवळ, एका जिन्याखाली. उमेदवारी व्हॉल्व्हच्या रेडिओंवर झालेली, पुढे गणेश मंडळांचे भोंगे आणि त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर. बास गिटार त्यांनी कधी मांडीवर घेतली नव्हती. पण तिची मोकळी जी तार ९८ हर्ट्झला वाजते, हे त्यांनी माझ्याकडून एकदा ऐकलं होतं आणि तेवढं त्यांना पुरलं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा झुलते. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ती एकाच दिशेला वळवताना तिचे उलटे उंचवटेही सुलटे होतात, म्हणजे सेकंदाला १०० उंचवटे. ते सपाट करायचं काम फिल्टर कॅपॅसिटरचं. तो म्हातारा झाला की उंचवटे आवाजात झिरपतात. ९८ आणि १०० शेजारी वाजले की फरकाएवढे, दोन हेलकावे पडतात. घुमणं पन्नासचं असतं तर जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, ४९ हर्ट्झला, सेकंदाला एक हेलकावा पडला असता आणि संशय अर्थिंगवर किंवा हीटरच्या वायरिंगवर गेला असता. अमेरिकेतल्या बासवाल्याला ही सोय नाही. तिथली वीज ६० हर्ट्झची. तो सूर बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधल्या फटीत पडतो, कुठल्याच फ्रेटवर सापडत नाही.

माझा अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्या ६० हर्ट्झच्या देशातूनच आलेला. एका वयस्कर वादकाने गोव्यातली लग्नं वाजवणं सोडलं, तेव्हा त्याच्याकडून घेतला. सोबत त्याने स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरही दिला, २३० व्होल्टचे १२० करणारा. हा डबा व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे ६० साठी बांधलेलं लोखंड ५० वर जरा जास्तच तापतं. कार्यक्रम संपल्यावर त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर हात ठेवला तर दोशाचा तवा आठवतो.

जगभरचे गिटारवाले याला ट्यूब अ‍ॅम्प म्हणतात. आपल्याकडे ट्यूब म्हटलं की भिंतीवरची नळी, किंवा एखाद्याच्या डोक्यात उशिरा पेटणारी. जुने मेकॅनिक व्हॉल्व्ह म्हणतात आणि तो शब्द जास्त नेमका आहे, कारण हे काम झडपेचंच आहे. उसाला पाणी देताना पाटाला दारं धरणारा माणूस पाहिला असेल. पाणी कालव्याचं, जोर उताराचा. त्याच्या हातात फक्त फावडं. पण बांध किती उघडायचा हे तो ठरवतो. व्हॉल्व्हमध्ये तसंच चालतं. कॅथोड तापला की त्यावरून इलेक्ट्रॉन सुटतात; समोरच्या पत्र्यावर चारशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात, ते त्यांना ओढून घेतात. दोघांच्या मध्ये तारेची एक जाळी असते. बासच्या तारेकडून आलेला नखभर सिग्नल त्या जाळीवर जातो आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. जाळी मध्ये घालण्याची कल्पना अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांची, १९०६ची. काचेच्या आत हवा नसते, हवेच्या कणांवर इलेक्ट्रॉन आदळून चालणार नाही म्हणून.

पाटाच्या उदाहरणात एक गोष्ट राहिली. दारं पूर्ण उघडली की पुढे कितीही फावडं मारलं तरी पाणी वाढत नाही. व्हॉल्व्हचीही अशी हद्द आहे. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर हद्दीला पोचला की लहरीचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट करतो आणि कानाला ओरखडा येतो. व्हॉल्व्ह हद्दीच्या बराच आधीपासून हात आखडता घेतो. माथा चेपत जातो, खांदे गोल होतात. या चेपण्यात मूळ आवाजात नसलेले सूर जन्माला येतात: दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे. इंजिनिअरच्या दृष्टीने हा दोष आहे. ज्या माणसाने बासचा जगप्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर विकला, त्याच्याही दृष्टीने तो दोषच होता.

त्या माणसाचं नाव एव्हरेट हल. स्वतः कॉन्ट्राबास वाजवायचे. माणसाच्या उंचीचं ते लाकडी वाद्य पितळी वाद्यांच्या गदारोळात कुणाला ऐकू जात नसे. वाद्य ज्या खुंटीवर उभं असतं तिच्या वरच्या टोकाला, वाद्याच्या पोटात, त्यांनी मायक्रोफोन बसवला आणि १९४६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आवाज वाढवणारी खुंटी, इंग्रजीत ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’. त्याचंच अ‍ॅम्पेग झालं. हल यांना स्वच्छ आवाज हवा होता. रॉक अँड रोल त्यांना आवडत नसे आणि फाटका आवाज तर मुळीच नाही. आज बासवाले ज्याला कौतुकाने अ‍ॅम्पेगची गुरगुर म्हणतात, ती संस्थापकाच्या मनाविरुद्ध जगभर पोचलेली गोष्ट आहे.

दरम्यान कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आडवी धरायची बास बाजारात आणली. कॉन्ट्राबासला फ्रेट नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. फेंडरच्या बासला फ्रेट होते, बोट ठेवलं की सूर नेमका, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी ३४ इंच. ती आजही बहुतेक बासची लांबी आहे. पाठोपाठ १९५२ मध्ये त्यांनी तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्याचं पुढे जे झालं ते बासवाल्यांच्या एकूण नशिबाला साजेसं आहे. १९५९चा दहा इंची चार स्पीकरवाला बासमन गिटारवाल्यांनी पळवला. लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये त्याच सर्किटवरून पहिला मार्शल तयार झाला, आणि रॉकमधल्या लीड गिटारचा आवाज म्हणून जग जो ओळखतं त्याची आई अशा रीतीने बासची निघाली. आम्हाला त्याचं श्रेय कुणी देत नाही.

अ‍ॅम्पेगमध्ये जेस ऑलिव्हर यांनी १९६० मध्ये पोर्टाफ्लेक्स बी-१५ केला. माझ्या मते बाससाठी बनलेली ही सगळ्यात शहाणी वस्तू. पंधरा इंची एक स्पीकर, बंदिस्त खोकं आणि अ‍ॅम्प्लिफायर झाकणाला जडवलेला. वाजवताना झाकण उलटं करायचं, व्हॉल्व्ह वर उभे. कार्यक्रम संपला की पुन्हा पालथं, व्हॉल्व्ह खोक्यात सुरक्षित. ताकद किती, तर जेमतेम २५-३० वॅट. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाण्यांवर ज्यांची बास आहे ते जेम्स जेमर्सन छोट्या क्लबांत हाच वापरत. स्टुडिओत मात्र त्यांची बास बहुतेक वेळा थेट कन्सोलमध्येच जाई, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर व्हॉल्व्हचे भक्त सगळं श्रेय बी-१५ ला देऊन मोकळे होतात. जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरत, तारा गुळगुळीत वेटोळ्याच्या आणि त्या सहसा बदलत नसत. आवाज आधी तिथे असतो.

पण पंचवीस वॅट पुरे कसे पडतात? आजच्या दुकानात ५०० वॅटचा बास अ‍ॅम्प्लिफायर हातात घेतला तर तो शाळेच्या डब्याएवढा लागतो, वजन तीन किलोच्या आत. तो पंचवीसच्या वीसपट मोठा वाजत नाही. आवाज कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते, त्यामुळे पंचवीसच्या पुढे पाचशे म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. वर आपला कान खालच्या सुरांना मठ्ठ असतो. गिटार ३० वॅटमध्ये जिथे छप्पर उडवते तिथे बासला कितीतरी जास्त ताकद लागते. म्हणजे हिशेबाने बी-१५ अगदीच तोकडा. प्रत्यक्षात लहान हॉलमध्ये तो अंगावर येतो. वॅट मोजणाऱ्याला हे कोडं आहे, तंबोरा ऐकलेल्या माणसाला नसावं.

मिरजेच्या कारागिराला जवारी काढताना बघा. घोडीचा माथा कानशीने घासून तो त्याला अगदी किंचित बाक देतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतो, एक केसभर पुढे, एक केसभर मागे. दोरा चुकीच्या जागी असला की तार मुकी, टक्क वाजून विझते. जागा सापडली की तीच तार, तेच बोट, पण आवाज उमलतो आणि बराच वेळ भिणभिणत राहतो. कारागिराने जोर वाढवलेला नसतो. तार घोडीच्या बाकाला हलकेच चाटून जाते आणि त्या चाटण्यातून वरचे सूर उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं: तार जिथे छेडली तिथे गाठ (न हलणारा बिंदू) असलेले सूर उमटू नयेत असा नियम, पण तंबोरा आणि वीणेच्या घोडीमुळे तेही उमटतात. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास. जवारी लागली की हा खर्ज भरल्यासारखा वाटतो, आणि तो भरतात वरचे सूर.

यामागे कानाची एक सवय आहे. जर्मनीत ऑगस्ट सेबेक यांनी १८४१ मध्ये भोकांच्या फिरत्या चकतीवर हवा मारून प्रयोग केले. त्यांच्या लक्षात आलं की सर्वांत खालचा सूर जवळपास नसला तरी त्याच्या पटीतले वरचे सूर असले, तर माणसाला तो खालचाच सूर ऐकू येतो. ८२, १२३ आणि १६५ हर्ट्झ एकत्र वाजवा. कान त्यांचा हिशेब लावून ४१ ऐकतो. आणि ४१ हर्ट्झ म्हणजे बासची सर्वांत जाड मोकळी तार. आपल्यापैकी ज्यांनी राहुलदेव बर्मनची गाणी तळहाताएवढ्या स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकली त्यांनी हा प्रयोग घरी बसून केलेला आहे. त्या स्पीकरमधून ४१ काय, ८२ सुद्धा धड निघत नसे. तरी टोनी वाझ यांच्या बासच्या ओळी आपण गुणगुणत होतो, योग्य सप्तकात नसतील, पण गुणगुणत होतो.

अ‍ॅम्पेगने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला: ३०० वॅट, सहा पॉवर व्हॉल्व्ह, पत्र्यावर ७०० व्होल्टच्या आसपास. रोलिंग स्टोन्सच्या त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर तो गेला आणि पुढे रॉक बास म्हणजे हाच आवाज असं ठरून गेलं. त्याच्या जोडीचं दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट फ्रिज या नावाने ओळखलं जातं, आणि ज्याने ते जिन्यावरून चढवलं आहे त्याला नावाचं कारण विचारावं लागत नाही. गंमत त्याच्या माहितीपत्रकात आहे. अलीकडच्या आवृत्तीची खालची हद्द ५८ हर्ट्झ दिली आहे. ४० हर्ट्झला आवाज दहा डेसिबलने उतरलेला असतो. म्हणजे जगातलं सर्वांत दरारा असलेलं बास कॅबिनेट बासचा सर्वांत खालचा सूर पूर्ण वाजवतच नाही. ८२, १२३, १६५ मात्र छातीवर आपटतं, आणि व्हॉल्व्हने चेपून त्यांत आणखी भर घातलेली असते. मला वाटतं काचेच्या त्या सहा बाटल्या बासची जवारी काढतात.

आणखी एक कारण आहे, ते बोटांना आधी कळतं. चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या पडद्याला कानाला धरून वागवतो: हल म्हटलं की हल, थांब म्हटलं की थांब. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर इतका कडक नसतो. पडदा एखादं पाऊल जास्त टाकतो, सूर किंचित फुगतो आणि मग बसतो. त्यात जोरात छेडलं की चेपला जातो, हळू छेडलं की चेपत नाही. त्यामुळे जोर आणि नाजूकपणा यांतला फरक मोठेपणात कमी आणि रंगात जास्त दिसतो. तीन तासांच्या कार्यक्रमात उजवा हात कमी थकतो, कारण दम लागेपर्यंत मारूनही आवाज एका मर्यादेत राहतो हे त्याला कळलेलं असतं.

हे सगळं पटलं तरी व्हॉल्व्हशिवाय बास नाही असं म्हणणाऱ्याच्या वाट्याला मी जात नाही. बासवादक जॅको पॅस्टोरियस यांचा गाणारा, रडणारा आवाज अकूस्टिक ३६० या निखळ ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमधून आला होता. त्यांच्या बोटांना जवारी दुसरीकडून मिळत होती. फ्रेट काढून टाकलेल्या पट्टीवर तार तशीच चाटून जाते, तंबोऱ्याच्या घोडीवर जाते तशी.

वजनाचा प्रश्न मात्र कुणाला चुकत नाही, आणि त्यावर दरवर्षी कुणीतरी तोडगा निघाल्याची बातमी आणतं. वजन काचेचं नसतं, लोखंडाचं असतं. व्हॉल्व्हला मोठे व्होल्ट आणि थोडा प्रवाह जमतो, स्पीकरला उलटं हवं असतं. दोघांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोयरीक जुळवतो. सूर जितका खालचा तितकं त्याच्या गाभ्यात चुंबकत्व जास्त साठतं. गाभा लहान असला की तो भरून जातो आणि खालचा सूर पातळ येतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला ८२ हर्ट्झपर्यंत उतरायचं असतं, आम्हाला त्याच्या निम्म्यावर. त्यामुळे एसव्हीटीचं डोकं आणि फ्रिज मिळून शंभर किलोंच्या घरात जातात. मडगावच्या एका रिसेप्शनला स्टेज दुसऱ्या मजल्यावर होतं. ड्रमरने अर्ध्या जिन्यात फ्रिज टेकवला, घाम पुसला आणि विचारलं, “यात खरंच काही गार आहे का रे?”

बहुतेक कार्यक्रमांत साउंडवाला बासची वायर थेट आपल्या मिक्सरला घेतो आणि लोकांपर्यंत तेच पोचतं. मग एवढं ओझं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. लग्नाच्या हॉलमध्ये मी स्वतः तीन किलोंचा डबा नेतो. शंभर-दीडशे लोकांची बैठक असेल, साउंडवाला ओळखीचा असेल आणि स्पीकरसमोर माइक लावायला तयार असेल, तर व्हॉल्व्ह. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर व्हॉल्व्ह घरी. डान्स फ्लोअरचे दिवे लागले की जनरेटर दबतो, व्होल्ट पडतात, हीटर मंदावतात आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. पिशवीत दोन जास्तीचे १२एएक्स७ व्हॉल्व्ह असतात आणि एक पेन्सिल. आतून टणटण आवाज यायला लागला की एकेका व्हॉल्व्हवर पेन्सिलीचा मागचा रबर हलकेच टेकवायचा; जो स्पीकरमधून घंटेसारखा बोलेल तो बदलायचा. हे काकांनी शिकवलं. आत हात घालायचाच झाला तर वायर काढ, कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे कर आणि डावा हात खिशात ठेव, हेही त्यांचंच. बंद केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही जीव घेण्याएवढे व्होल्ट बराच वेळ बसून राहू शकतात.

त्याच पिशवीत स्पीकरची वायर असते, दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. एका कार्यक्रमाला उशीर झाला होता, मदतीला आलेल्या पोराने अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅबिनेट जोडताना हाताला आली ती वायर लावली, आणि ती निघाली गिटारची. बाहेरून दोन्ही सारख्या, टोकाला तोच जॅक. आतली तार मात्र केसासारखी, मिलिव्होल्ट वाहून नेणारी. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, तिसऱ्यात आवाज गेला. मी घाबरून सगळं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन जिन्याखाली हजर झालो.

काकांनी वायर कापून आतलं दाखवलं. मधल्या तारेचं प्लॅस्टिक वितळून ती भोवतीच्या तारांच्या जाळीला चिकटली होती.

“शॉर्ट झाली म्हणून वाचलास,” ते म्हणाले. “ट्रान्झिस्टरचा असता तर शॉर्टने मेला असता. हा शॉर्ट थोडा वेळ सोसतो. याला स्पीकर नसलेला सोसत नाही. तार तुटली असती तर ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला जायला जागा नसती, ती उसळून आत फुटली असती. मग आला असतास रडत, काका, रिवाइंडिंग करून द्या म्हणून.”

“लेबल लावतो वायरला,” मी म्हणालो.

“लेबल स्टेजवरच्या अंधारात कोण वाचतो? रंगाचं काहीतरी लाव.” त्यांनी खणातून लाल चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि दातांनी तोडून पहिला वेढा स्वतःच घातला.